मोटारीतील दडलेली बॅटरी

मोटारगाडीच्या असंख्य भागांपैकी कोणता भाग केव्हा निकामी होईल, हे छातीठोकपणे सांगणे कोणाही यंत्रज्ञाला शक्य नसते. एंजिन वीस वर्षे बिनबोभाट चालेल किंवा पाच वर्षांतच कुरकुरू लागेल. गिअरपेटी मालकाच्या आयुष्यभर साथ देईल किंवा पहिल्याच घाटात दगा देईल. परंतु एका भागाविषयी अशी अनिश्चितता मुळीच नाही. तो भाग म्हणजे बॅटरी. साधारणपणे तीन ते पाच वर्षांत ती संपणार, हे गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. गाडी पंधरा वर्षे वापरली तर तिची बॅटरी किमान दोनदा बदलावी लागणार, हे गाडीचा आराखडा काढणारालाही पुरते ठाऊक असते.

समई घडविणारा तांबट वात जळून जाणार हे जाणतो. म्हणून वात सहज काढता-घालता येईल अशीच तो समई घडवितो. वातीपर्यंत बोट पोचण्यासाठी समईचे तुकडे करावे लागतील अशी वस्तू त्याने बाजारात आणली, तर गिऱ्हाईक ती त्याच्याच अंगणात ठेवून परत जाईल. आश्चर्याची गोष्ट अशी की, जी साधी समज तांबटाला आहे ती जगातील नामांकित मोटार-कारखान्यांच्या आराखडेकारांना कित्येकदा राहिलेली दिसत नाही.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी बॅटरी म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. फ्रान्समधील गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युत्घट तयार केला. १८८१ साली त्याच देशातील कामीय फोर याने शिशाच्या संयुगाचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून त्या घटाची शक्ती वाढविली आणि तो कारखान्यात तयार करणे सोपे केले. आजही बहुसंख्य मोटारींत असते ती याच घटाची सुधारलेली आवृत्ती. तीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब देतो आणि सर्व मिळून बारा व्होल्टांची बॅटरी होते. तिचे वजन बहुधा पंधरा ते वीस किलो भरते.

या बॅटरीला मोटारीत मानाचे स्थान मिळाले ते १९१२ साली. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. तोवर एंजिन सुरू करण्यासाठी गाडीच्या तोंडाशी उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे, आणि ते हँडल उलटे उसळले तर मनगट मोडण्याची धास्ती असे. स्टार्टर आला तरी हँडल लगेच हद्दपार झाले नाही. जुन्या अँबॅसडर गाडीला हँडल मारून ती सुरू करणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिले आहेत, असे अनेक श्रोते आजही असतील. बॅटरी बसली तरी मनगट शिल्लक होते. मनगट थकले तर चार माणसे धक्का मारीत. आता हँडल गेले आणि स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत धक्क्याचाही उपयोग उरला नाही. म्हणजे बॅटरी ही गाडी सुरू करण्याची एकमेव किल्ली झाली. जिच्यावाचून मुळीच चालत नाही ती वस्तू अधिक हाताशी असावी, हा साधा न्याय. घडले मात्र पुष्कळदा उलट.

बॅटरी अडचणीच्या जागी ठेवण्याचा दोष सर्वस्वी नव्या पिढीच्या माथी मारता येणार नाही. १९२७ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीत ती ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली असे. जर्मनीच्या फोक्सवागन बीटल गाडीत ती मागच्या बैठकीखाली ठेवलेली असे. तिच्यावर नीट झाकण नसेल तर बैठकीच्या लोखंडी स्प्रिंगा टेकून ठिणगी पडण्याचे भय असे. १९६२ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एमजीबी या लहानशा देखण्या गाडीत तर सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या बैठकीमागे, जमिनीच्या पातळीखाली बसविलेल्या होत्या. त्या हाताला लागेपर्यंत वाकून वाकून मालकाची कंबर धरे. तरीही या जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट खरी होती. फळी उचलली, बैठक बाजूला केली, दोन नट सैल केले की काम होत असे. अडचण होती ती कष्टाची. विद्येची अथवा परवानगीची नव्हती.

नव्या अडचणीचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल तर १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने काढलेल्या सिरस आणि स्ट्रॅटस या गाड्यांकडे पाहावे. या गाड्यांचे नाक आखूड करून प्रवाशांची जागा पुढे सरकविलेली होती. आतील प्रशस्तपणाबद्दल त्यांची तारीफही झाली. परंतु नाक आखूड झाल्यामुळे बॉनेटखाली दाटी झाली, आणि बॅटरीला जागा मिळाली ती डाव्या पुढच्या चाकाच्या पुढे, बंपर आणि चाक यांच्या सांदीत. बॉनेट उघडून कितीही शोधले तरी ती दृष्टीस पडावयाची नाही. ती बदलण्यासाठी गाडी जॅकवर चढवावी, चाक काढावे, चाकाच्या खोबणीतील आच्छादन सोडवावे, आणि मग त्या सांदीतून वीस किलोच्या आसपासचे ते ओझे खाली ओढून काढावे, असा तिचा विधी. हीच व्यवस्था पुढे २००८ च्या अ‍ॅव्हेंजर गाडीतही कायम राहिली.

या कंपनीने बॉनेटखाली दोन खुंट्या ठेवल्या होत्या आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून त्यांच्यावरून एंजिन सुरू करता येत असे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. म्हणजे बॅटरी आवाक्याबाहेर आहे याची जाणीव आराखडेकारांना पूर्णपणे होती. उसनी वीज घेऊन घर गाठण्याची सोय त्यांनी केली. बॅटरी बदलण्याची सोय मात्र त्यांना महत्त्वाची वाटली नाही. जे काम घरच्या घरी दोन पान्यांनी पंधरा मिनिटांत व्हावयाचे, त्यासाठी गाडी गॅरेजात नेणे भाग पडले. ज्याच्या खिशाला गॅरेजची मजुरी जड नाही, त्याला याचे काही वाटणार नाही. परंतु जुनी गाडी घेऊन पहाटे कामावर निघणाऱ्या माणसाला, रात्रपाळीहून एकटीने परतणाऱ्या परिचारिकेला, महामार्गाच्या कडेला भरधाव वाहनांच्या शेजारी चाक काढीत बसलेल्या ड्रायव्हरला या सांदीची किंमत नेमकी कळते. आणि जुन्या गाड्या बहुधा अशाच माणसांच्या हाती असतात.

मग आराखडेकार इतके अविचारी असतात काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या बाजूनेही सबळ कारणे आहेत. पहिले कारण उष्णतेचे. बॅटरीच्या आत शिशाच्या जाळ्या हळूहळू गंजत असतात. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की ही झीज जवळजवळ दुपटीने होऊ लागते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात किंवा हैदराबादच्या भर उन्हात तासन् तास चाललेल्या एंजिनाशेजारी बॅटरी ठेवणे म्हणजे तिला भट्टीच्या तोंडाशी बसविणे होय. तिला एंजिनापासून दूर नेले तर तिचे आयुष्य वाढते. दुसरे कारण वजनाचे. पुढे एंजिनाचा भार असताना बॅटरी मागे सामानाच्या कप्प्यात ठेवली, तर दोन्ही आसांवरचा भार सारखा होतो आणि वळणावर गाडी अधिक सावरून धावते. जर्मन कारखान्यांनी हा मार्ग आवडीने स्वीकारला. तिसरे कारण जागेचे. बॉनेटखाली आता वातानुकूलनाची यंत्रे आहेत, विजेच्या नियंत्रणपेट्या आहेत, अपघाताचा आघात शोषून घेण्यासाठी मोकळी राखलेली जागा आहे. शिवाय अम्ल न सांडणाऱ्या बंदिस्त बॅटऱ्या आल्यामुळे, वायू बाहेर नेणारी नळी जोडून, ती माणसांच्या बैठकीखालीही ठेवणे शक्य झाले.

ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांपैकी एकही कारण असे नाही की, त्यामुळे बॅटरीपर्यंत पोचण्याचा मार्ग बंदच करावा लागावा. ती एंजिनापासून दूर ठेवता येते आणि तरीही तिच्यावर एक झडप ठेवता येते. सामानाच्या कप्प्यात तळाच्या गालिच्याखाली ठेवलेली बॅटरी कितीतरी गाड्यांत सहज निघते. मागे ठेवलेल्या बॅटरीपासून पुढच्या स्टार्टरपर्यंत वीज नेण्यासाठी लांब आणि जाड तार टाकावी लागते, कारण एंजिन फिरविताना शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि बारीक तारेत त्याचा दाब वाटेतच खर्च होतो. एवढे तांबे खर्च करण्याची ज्यांची तयारी असते, त्यांना एका झडपेचा खर्च झेपणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

खरी गोम वेगळीच आहे. आराखड्याच्या टेबलाभोवती बसणाऱ्यांत प्रत्येक हिताचा कोणी ना कोणी कैवारी असतो. आकर्षक रूपाचा असतो, वेगाचा असतो, इंधनबचतीचा असतो. जोडणीच्या रांगेवर प्रत्येक सेकंद वाचविणारा तर असतोच असतो. जोडणीच्या वेळी गाडीचे अंग उघडे असते. तेव्हा बॅटरी सांदीत सरकविणे अगदी सोपे. तिच्यावर बंपर, आच्छादन, चाक ही सारी नंतर चढतात. पाच वर्षांनी उन्हात किंवा पावसात उभा राहून तीच बॅटरी उलट्या क्रमाने बाहेर काढणारा माणूस त्या टेबलाशी नसतो. त्याची अडचण कोणाच्याही हिशेबात खर्च म्हणून लिहिली जात नाही. जो खर्च दुसऱ्याच्या वहीत पडतो, तो आपल्या वहीत शून्यच दिसतो.

यावर आता आणखी एक थर चढला आहे. काही गाड्यांत नवी बॅटरी बसविल्यावर गाडीच्या अंतर्गत गणकयंत्राला तशी वर्दी द्यावी लागते. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत ही पद्धत आहे. बॅटरी जशी म्हातारी होते तसे तिला भारित करण्याचे प्रमाण हे गणकयंत्र बदलीत जाते. नवी बॅटरी आल्याचे त्याला कळविले नाही तर ते तरुण बॅटरीला म्हातारीचाच आहार देत राहते. कल्पना मुळात चांगली आहे. परंतु ही वर्दी देण्याचे साधन मालकाजवळ नसते. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीजवळही ते असेलच असे नाही. जेथे पूर्वी पाना पुरत असे, तेथे आता परवानगीसारखे काहीतरी लागू लागले.

येथवर प्रश्न गैरसोयीचा आणि पैशाचा वाटेल. परंतु काही वेळा तो प्राणावर बेततो. टोयोटाच्या २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीतील प्रियस गाडीत बारा व्होल्टांची बॅटरी मागच्या कप्प्याच्या कोपऱ्यात होती आणि त्या कप्प्याचे दार विजेच्या कळीने उघडे. बॅटरी पार बसली की दार उघडत नसे, आणि दार उघडल्यावाचून बॅटरी हाती लागत नसे. मग मागच्या बैठकीवरून आत रांगत जावे लागे. तेथेही पुढे बॉनेटखाली तात्पुरती तार जोडण्याची जागा होती, म्हणून निभावले. परंतु २०१५ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर येथे जे घडले ते कोणाच्याही काळजाला चटका लावील. २००७ सालच्या कॉर्व्हेट गाडीत बसलेला बहात्तर वर्षांचा एक गृहस्थ आणि त्याचा कुत्रा भर दुपारी वाहनतळावर आतल्या आत उष्णतेने मरण पावले. त्या गाडीची दारे विजेच्या बटणाने उघडत. बॅटरीची तार सैल झाली आणि दारे मिटलेली राहिली. हाताने दार उघडणारी एक कडी बैठकीच्या बाजूला, खाली जमिनीलगत होती. पण ती तेथे आहे हे त्या घटकेला त्याच्या उपयोगी पडले नाही. सोय असणे आणि सोय हाती लागणे यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी दिसले.

ही घटना एकाकी म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने टेस्लाच्या २०२१ सालच्या मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. बारा व्होल्टांच्या बॅटरीचा दाब उतरल्यावर बाहेरून दार उघडत नाही, मुले आत अडकून पडतात आणि आईबापांना काच फोडावी लागते, अशा तक्रारी तिच्या मुळाशी होत्या. विजेवर धावणाऱ्या मोटारीत शेकडो किलो वजनाची प्रचंड बॅटरी असताना बारा व्होल्टांच्या त्या लहानग्या बॅटरीचे काय काम, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. काम असे की, मोठ्या बॅटरीची वीज गाडीत सोडणारे खटकेच लहान बॅटरीच्या विजेवर मिटतात. कोठार धान्याने भरलेले असावे आणि त्याच्या कुलपाची किल्ली हरवावी, तशी ती अवस्था होते.

मोठी बॅटरी बदलण्याचा विचारही नवा नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी तेथील वीजकंपनीने १९१० ते १९२४ या काळात विजेवर चालणाऱ्या मालमोटारींना बॅटरी बदलून देण्याची व्यवस्था चालविली होती. गाडी मालकाची, बॅटरी कंपनीची. रिकामी द्यावी, भरलेली घ्यावी, असा व्यवहार. याच कल्पनेवर २००७ साली स्थापन झालेल्या इस्राएलमधील बेटर प्लेस कंपनीने मोठा डाव मांडला. परंतु बॅटरी झटपट उतरविता येईल अशी एकच गाडी, रेनॉची फ्लुअन्स, तिला मिळाली. इतर कारखान्यांनी आपले आराखडे तसे आखले नाहीत, ग्राहकही थोडेच मिळाले, आणि २०१३ साली कंपनीचे दिवाळे निघाले. उलट काही कारखाने मोठी बॅटरी गाडीच्या सांगाड्याचाच भाग करू लागले आहेत. त्याने गाडी हलकी व मजबूत होते हे खरे. परंतु जी वस्तू एके दिवशी क्षीण होणार तिलाच घराची भिंत केले, तर दुरुस्तीच्या वेळी घर पाडावे लागण्याचा धोका असतो.

याला उपाय काय? काही देशांत कायद्याने पाऊल उचलले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोटारदुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीगृहाला जी माहिती व साधने मिळतात तीच स्वतंत्र कारागिरालाही मिळावीत, हा त्याचा आशय. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांविषयी नवा कायदा केला. त्यान्वये विजेच्या सायकली व स्कूटरी यांसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या १८ फेब्रुवारी २०२७ पासून कोणाही स्वतंत्र कारागिराला काढता व बदलता आल्या पाहिजेत. भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी २०२२ साली समिती नेमली, आणि तिच्यासमोरच्या विषयांत मोटारगाड्यांचाही समावेश होता. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून भ्रमणध्वनी, धुलाईयंत्रे आदी काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागू लागले. वस्तू किती सहज उघडता येते, यालाही त्यांत गुण होते. मोटारगाडीला असे गुण का असू नयेत? एक लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर धावते हे जर गिऱ्हाइकाला सांगता येते, तर तिची बॅटरी साध्या अवजारांनी किती मिनिटांत बदलते हेही सांगता आले पाहिजे.

परंतु कायद्यापूर्वी गिऱ्हाइकाचे तोंड उघडणे अधिक महत्त्वाचे आहे. गाडी घेताना माणूस रंग पाहतो, बैठकीवर हात फिरवून पाहतो, ध्वनिक्षेपकाचा आवाज ऐकतो. त्याच वेळी त्याने दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. बॅटरी कोठे आहे? ती बदलावयास चाक, बैठक किंवा अन्य काही काढावे लागते काय? आणि ती पूर्ण बसली तर दार, बॉनेट व मागचा कप्पा हाताने कसे उघडतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न घेता त्याने ते स्वतः करून पाहावे, आणि घरातील प्रत्येक माणसाला, समजत्या मुलांनासुद्धा, ती कडी दाखवून ठेवावी. दहा गिऱ्हाइकांनी हे प्रश्न विचारले तर विक्रेता ते वर कळवील. हजारांनी विचारले तर आराखड्याच्या टेबलाशी या माणसासाठीही एक खुर्ची मांडली जाईल.

यंत्राची परीक्षा ते नवे असताना होत नाही. त्याचा एखादा भाग संपतो तेव्हा होते. जो भाग हमखास संपणार, त्याच्यापर्यंत मालकाचा हात पोचतो की नाही, यावरून ते यंत्र घडविणाराने मालकाचा विचार केला होता किंवा केवळ विक्रीचा, हे ओळखता येते.